अंगठा, करंगळी आणि टेपचे चार थर

गोल्फ खेळताना क्लबशी, म्हणजे चेंडू मारायच्या काठीशी, आपला संबंध येतो तो फक्त दोन तळहातांपुरता. पाय, कंबर, खांदे जी काही मेहनत करतात ती सगळी या दोन हातांतूनच चेंडूपर्यंत पोचते. तरीही बहुतेकांना पकड शिकवली जाते ती पहिल्या दिवशी, पाच-दहा मिनिटांत, चित्र दाखवून. त्यानंतरची सगळी वर्षं लक्ष स्विंगकडे, म्हणजे क्लब फिरवण्याच्या हालचालीकडे. मला हे पटत नाही. माझी पकड मला सापडायला एक हिवाळा आणि त्यापुढचा उन्हाळा लागला, आणि तो सगळा वेळ सत्कारणी लागला. ज्यांचा हात क्रिकेटच्या बॅटवर घडलाय आणि ज्यांच्या बोटांचे सांधे वयाप्रमाणे कुरकुरायला लागलेत, त्यांना यातलं काही उपयोगी पडेल म्हणून जरा तपशिलात लिहितोय.

मी टूलरूमचा माणूस. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात जिग, फिक्श्चर आणि डाय करण्यात नोकरी गेली. हातात कायम कानस, पाना, मायक्रोमीटर. रविवारी टेनिस बॉलचं क्रिकेट. मुंबईतली जुनी गोल्फ कोर्सेस, चेंबूरचं प्रेसिडेन्सी किंवा ताडदेवचं विलिंग्डन, ही सभासदांची. आमच्यासारख्यांनी ती कुंपणाबाहेरूनच पाहिलेली. खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोचं कोर्स झालं आणि पैसे भरून खेळता येऊ लागलं, तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या माझ्यासारख्यांना दार उघडलं. ओळखीतल्या एकाकडून जुना सेट घेतला आणि रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जायला लागलो. तिथे मला शिकवणारे गृहस्थ फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे. सगळे त्यांना सुभेदारसाहेब म्हणतात, मीही तेच म्हणतो.

आधी बॅटविषयी. बॅटचा दांडा खालच्या हाताशी बहुधा लंबगोल असतो. डोळे मिटून बॅट उचलली तरी पातं कुठे तोंड करून आहे हे हाताला कळतं. गोल्फच्या क्लबची ग्रिप, म्हणजे मुठीत येणारा रबरी भाग, गोल असते. पटर, म्हणजे चेंडू भोकाकडे घरंगळवायचा क्लब, सोडला तर बाकी सगळ्या क्लबांना नियमानेच ती गोल असावी लागते, फार तर एक बारीक उंचवट्याची सरळ रेघ लांबीभर चालते. म्हणजे क्लबचा फेस, चेंडूला लागणारी सपाट बाजू, उघडा (उजवीकडे वळलेला) आहे की मिटलेला (डावीकडे वळलेला), हे हाताला आपोआप कळत नाही. ते कळायला हात दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात बसायला हवा. क्रिकेटमधून आलेल्याला या खेळात पकड इतकी का नडते, याचं खरं कारण मला हे वाटतं. बॅट हाताला सांगते. क्लब गप्प असतो.

सुभेदारसाहेबांनी मला सुरुवातीला दिली ती व्हार्डन पकड. डावा हात वर, उजवा खाली, आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर अलगद टेकलेली. हॅरी व्हार्डनने 1896 ते 1914 या काळात ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली आणि ही पकड त्याच्या नावाने जगभर गेली. त्याच्या आधी स्कॉटलंडचा जॉनी लेडले अशीच पकड वापरायचा, पण नाव लागलं व्हार्डनचं. आजही मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्या पुरुष खेळाडूंत हीच सगळ्यात जास्त दिसते. आणि ती चांगलीच आहे, यात वाद नाही. दोन्ही हात एका तुकड्यासारखे फिरतात.

पण व्हार्डनचे हात मोठे होते. माझा पंजा रुंद आहे, बोटं मात्र आखूड आणि जाड. करंगळी खाचेवर ठेवली की ती तिथे टेकायची नाही, लटकायची. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे नेण्याच्या, वरच्या टोकाला ती घसरून एकीकडे व्हायची, आणि ती पडू नये म्हणून उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी क्लब चिमटीत आवळायची. एकदा अंगठा-तर्जनीने आवळलं की हाताच्या वरच्या बाजूचा स्नायू कोपरापर्यंत ताठ होतो. हे कुणीही आत्ता बसल्या जागी पेन धरून पाहू शकतो: आधी चिमटीत घट्ट धरा, मग मधल्या दोन बोटांत धरा, आणि दुसऱ्या हाताने कोपराजवळ चाचपा. फरक लगेच लागतो.

त्यात डाव्या अंगठ्याचं दुखणं. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाला लागून जो सांधा असतो तो माझ्या दोन्ही हातांत थोडा झिजलेला आहे. वर्षानुवर्षं पाने आवळणाऱ्या लोकांत हे दिसतं, असं डॉक्टर म्हणाले. रेंजवरून घरी आलो की डाव्या हाताने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडताना कळ यायची. त्यांनी खेळ बंद करायला सांगितलं नाही, फक्त अंगठ्यावर ताण येईल असं काही धरू नका म्हणाले. आता गोल्फमध्ये डावा अंगठा शाफ्टवर, म्हणजे क्लबच्या दांड्यावर, आणि त्याच्यावर उजवा तळहात, म्हणजे ताण यायचाच. तो कमी कसा करायचा, एवढंच हातात होतं.

इथून मी हे काम टूलरूमच्या पद्धतीने करायला घेतलं. एखाद्या डायमध्ये दोष येत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तुकडा काढायचा, मोजायचा, लिहायचा, मग दुसरी. पकडीत बदलण्यासारख्या गोष्टी मुळात तीन: बोटं एकमेकांत कशी जुळवायची, हात शाफ्टभोवती किती वळवून ठेवायचे, आणि ग्रिपची जाडी किती. लोक या तिन्ही एकाच दिवशी बदलतात, चेंडू एखाद-दुसरा बरा जातो, आणि कशामुळे गेला ते कळतच नाही. मी सात नंबरची आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) एवढा एकच क्लब घेऊन जायचो. खिशात छोटी वही. चेंडू कुठल्या दिशेला निघाला, हवेत कुठे वळला आणि शेवटी हात कुठे दुखतोय, एवढंच त्यात.

बोटांच्या जुळणीत व्हार्डननंतर पाळी आली इंटरलॉकची. यात उजवी करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकांत गुंफतात. जॅक निकलस याच पकडीने खेळला, टायगर वुड्सही. निकलसचे हात त्याच्या अंगकाठीच्या मानाने लहान होते, हे वाचल्यापासून मला फार आशा होती. हात खरोखरच एकजीव झाले. पण माझी बोटं जाड असल्यामुळे गुंफताना ती मुळापर्यंत जायची, आणि बोटं मुळापर्यंत गेली की क्लब बोटांतून सरकून तळहातात येतो. तळहातात क्लब आला की मनगट मोडत नाही, वाकत नाही, म्हणजे ज्या कोनातून वेग निघतो तो कोनच तयार होत नाही. सुभेदारसाहेबांनी लगेच ओळखलं. “साहेब, पेरापर्यंतच गुंतवा, बुडापर्यंत नको,” असं ते सांगायचे, आणि पहिले काही चेंडू जमायचंही. पुढे दमलो की बोटं परत खोल जायची. त्या बोटांमधल्या बेचकीतली कातडी सोलवटली आणि मी इंटरलॉकचा नाद सोडला. ज्यांची बोटं आखूड पण सडपातळ आहेत, विशेषतः बायका आणि मुलं, त्यांनी ती जरूर करून पाहावी. रेंजवर अशा हातांत ती फार सुंदर बसलेली मी पाहिली आहे.

एक बारीकशी गोष्ट इथेच सांगतो. माझ्या उजव्या तर्जनीत पुष्कराजाची अंगठी असायची. त्या बोटाच्या बाजूने क्लबला आधार द्यायचा असतो, आणि अंगठीचं कडं नेमकं तिथे रुतायचं. रेंजवर जाताना ती घरी काढून ठेवायला लागलो तेव्हा त्या बोटाची ताठरता निम्म्याने गेली. आपल्याकडे निम्म्या लोकांच्या हातात अंगठ्या असतात. पकड बदलण्याआधी त्या काढून बघा.

राहिली दहा बोटांची पकड. काहीच गुंफायचं नाही, काहीच वर टेकवायचं नाही, दोन्ही हातांची दहाही बोटं शाफ्टवर. बॅट धरतो तशीच, म्हणून माझ्या हाताला ती ओळखीची होती. सुभेदारसाहेब आधी नाराज होते. दोन हात सुटे राहतात आणि मग प्रत्येक जण आपापला खेळ खेळतो, हा त्यांचा आक्षेप, आणि तो खोटा नाही. मी त्यांना पापवा सेवगोलमची गोष्ट सांगितली. दक्षिण आफ्रिकेतल्या डरबनचा भारतीय वंशाचा कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणारा. कुणी शिकवलं नाही, त्यामुळे त्याने हात चक्क उलटे ठेवले: उजव्या हाताने खेळणारा असून डावा हात खाली, उजवा वर. त्या पकडीने त्याने 1959, 1960 आणि 1964 साली डच ओपन जिंकली. 1963 साली डरबनमध्ये नाताळ ओपन जिंकली तेव्हा वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याला क्लबहाउसच्या आत येऊ दिलं नाही. भर पावसात बाहेर उभं राहून त्याने करंडक घेतला. सुभेदारसाहेब ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उलटी पकड नको आपल्याला. पण दहा बोटं धरून बघू. दोन हातांमध्ये कागद जाईल एवढीही फट दिसली तर मी परत करंगळी वर चढवणार.”

आणि सगळं त्या फटीतच आहे. उजव्या करंगळीची कड डाव्या तर्जनीला चिकटलेली पाहिजे, ढकललेली नव्हे पण सतत लागलेली. उजव्या तळहातावरची आयुष्यरेषा, हस्तसामुद्रिकवाले दाखवतात तीच, डाव्या अंगठ्यावर नीट बसली पाहिजे. ही दोन ठिकाणं जुळली की दहा बोटांतही हात एकत्र फिरतात. डावा अंगठा मी आधी शाफ्टवर लांब ताणून ठेवायचो; तो मागे ओढून आखूड केला आणि मधोमध न ठेवता किंचित उजवीकडे ठेवला. बुडाच्या सांध्यावरचा ताण त्या एका बदलाने इतका उतरला की संध्याकाळी बाटलीचं झाकण बिनबोभाट उघडलं. व्हार्डन पकडीत करंगळी धरून ठेवायच्या नादात उजवा हात डाव्या अंगठ्यावर दाबला जायचा. दहा बोटांत तो दाब बोटांवर वाटला गेला. माझ्या मते झिजलेल्या सांध्यांच्या माणसाने सुरुवातच इथून करावी. ज्यांच्या हातांत ताकद कमी आहे त्यांनाही हीच पकड सोपी जाते.

दुखणं थांबलं, पण चेंडू अजून उजवीकडे वळून जात होता. आता दुसरी गोष्ट: हात शाफ्टभोवती किती वळवायचे.

खाली पाहिल्यावर डाव्या मुठीवरची किती हाडं दिसतात यावर रेंजवर सगळे बोलतात, आणि त्यांना नकल म्हणतात. दोन दिसली तर न्यूट्रल, तीन-चार दिसली तर स्ट्राँग, एकच दिसलं तर वीक. याचा आवळण्याच्या जोराशी काही संबंध नाही, हात उजवीकडे किती वळलेला आहे एवढंच. अंगठा आणि तर्जनीमध्ये जी बेचकी होते तिचं टोक कुठे रोखलंय यावरूनही ते कळतं: स्ट्राँग पकडीत उजव्या खांद्याकडे किंवा त्याच्याही बाहेर, वीकमध्ये हनुवटीकडे. चित्रात दोन-अडीच नकल आणि बेचकी उजव्या कानाच्या खाली, म्हणून सगळ्यांना तेच. मलाही तेच दिलं होतं.

हे समजायला मला सुभेदारसाहेबांनी केलेली एक साधी गोष्ट उपयोगी पडली, आणि सगळ्या शिकवणीतली ती मला सगळ्यात मोलाची वाटते. त्यांनी क्लब बाजूला ठेवायला लावला. चेंडूसमोर वाकतो तसं वाकायला सांगितलं, गुडघे थोडे सैल, आणि डावा हात खांद्यापासून सोडून द्यायला सांगितला, ओल्या कपड्यासारखा. “हलवा थोडा. आता थांबू द्या. थांबला? बघा खाली.” हात जिथे थांबला तिथे मला तीन नकल स्वच्छ दिसत होते. शेजारच्या पट्टीवर कॉलेजातला एक मुलगा होता, त्यालाही त्यांनी तसंच उभं केलं. त्याला जेमतेम दोन. खांद्याची ठेवण, हाताच्या हाडांची वळण्याची सवय, छातीची रुंदी, यामुळे प्रत्येकाचा हात निराळा लटकतो.

याचा परिणाम असा. स्विंगच्या वेगात हात ताणला जातो आणि चेंडूजवळ येताना तो आपल्या नैसर्गिक लटकण्याच्या स्थितीकडे परत जायला बघतो. मी चित्राप्रमाणे दोन नकल दाखवून पकडत होतो, पण चेंडूपाशी हात तीन नकलांच्या जागी परत जायचा. जेवढा हात उजवीकडे वळला तेवढाच क्लबचा फेस उघडायचा, आणि चेंडू उजवीकडे. म्हणजे माझ्या स्विंगमध्ये जे सुधारायला आम्ही इतके दिवस घालवत होतो त्यातलं बरंचसं पकडीत होतं. हात जसा लटकतो तसाच, तीन नकल दाखवत, क्लबवर ठेवला. उजव्या हाताची बेचकी डाव्याच्या बेचकीला समांतर केली, कारण दोघांचं तोंड वेगळ्या दिशांना असेल तर ते एकमेकांशी भांडतात.

वहीतल्या त्या पानांवर सगळ्यात जास्त खाडाखोड आहे. चेंडू सुरुवातीला ज्या दिशेला निघतो ती दिशा मुख्यतः फेस ठरवतो. हवेत तो वळतो ते फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. त्यामुळे मी निघण्याची दिशा वेगळी लिहायचो आणि वळण वेगळं. तीन नकलांवर चेंडू सरळ निघायला लागला आणि शेवटी थोडासा डावीकडे झुकायला लागला. साडेतीनवर नेलं की सुरुवातीपासूनच डावीकडे. तीनपेक्षा किंचित कमी, ही माझी जागा ठरली. अमेरिकन गोल्फपटू बेन होगनचं याच्या बरोबर उलट झालं होतं. चेंडू डावीकडे हुक होण्याने तो हैराण होता, आणि त्याने डावा हात वीक बाजूला वळवून तो आवरला. होगनची पकड उचलून स्लाइस मारणाऱ्याने, म्हणजे ज्याचा चेंडू उजवीकडे वळतो त्याने, वापरली तर त्याचा स्लाइस वाढणारच. कुठल्या दुखण्यावरचं औषध आहे ते बघून घ्यायला हवं.

तिसरी गोष्ट जाडी, आणि इथे माझा जीव रमला.

दहा बोटांच्या पकडीत उजवा हात साहजिकच शाफ्टवर एक बोटभर खाली जातो. ग्रिप मात्र खाली निमुळती होत जाते. म्हणजे जो हात जास्त आवळतो त्याच हाताला सगळ्यात बारीक भाग मिळतो. माझ्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तळहातात रुतायची, त्यांच्या नखांच्या अर्धचंद्राकृती खुणा रेंजवरून येताना रिक्षातही दिसायच्या. डाव्या हाताची गोष्ट निराळी होती. तिथे पकडल्यावर मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक अंगठ्याच्या बुडाच्या मांसल भागाला जेमतेम लागत होतं, आणि तसंच लागायला हवं. टोकं रुतली तर ग्रिप बारीक, मध्ये फट राहिली तर जाड. ही चाचणी प्रत्येकाने करावी.

घरी व्हर्निअर काढला. रबरावर व्हर्निअर लावताना जबडे आवळायचे नसतात, नुसते टेकवायचे, नाहीतर रबर दबून माप कमी येतं. वरच्या टोकापासून दोन इंचांवर 22.9 मिलीमीटर, म्हणजे पुरुषांच्या स्टँडर्ड ग्रिपचं असायला हवं तेच. खाली उजव्या हाताच्या जागी साडेतीन मिलीमीटरने कमी. दुकानात मिडसाइझ ग्रिप मिळते, ती स्टँडर्डपेक्षा एक षोडशांश इंच, म्हणजे सुमारे दीड मिलीमीटर जाड. ती एका मित्राच्या क्लबवर धरून पाहिली. उजव्याला बरी, पण डाव्या हातात बोटांना फट पडली. शिवाय जाड ग्रिप जड असते, आणि हाताशी पाचेक ग्रॅम वाढले की क्लबचं डोकं हलकं वाटायला लागतं. स्विंगवेटच्या, म्हणजे क्लबचं डोकं हाताला किती जड लागतं त्या मापाच्या, भाषेत साधारण एक अंक कमी होतो. मला हवी होती वर स्टँडर्ड आणि खाली जाड. गोल्फ प्राइडच्या प्लस फोर नावाच्या ग्रिपा याच कल्पनेवर आहेत, खालच्या हाताखाली टेपचे चार जादा थर दिल्यासारखी त्यांची जाडी असते. मी ते थर स्वतःच द्यायचं ठरवलं. क्लाइव्ह लॉइड बॅटच्या दांड्यावर एकावर एक ग्रिपा चढवायचा, ते आमच्या पिढीने मैदानात कौतुकाने ऐकलेलं. आपल्या हाताला लागेल तसा दांडा करून घेणं हे मला त्यामुळे नवखं वाटलं नाही.

काम गॅलरीत केलं. आकड्याच्या पात्याने जुनी ग्रिप उभी चिरली, पातं अंगापासून लांब ओढत. माझ्या आयर्नचे शाफ्ट स्टीलचे आहेत म्हणून हे चालतं. ग्रॅफाइटवर पातं जोराने लागलं तर शाफ्टच्या धाग्यांवर चर पडते. खालची जुनी टेप हेअर ड्रायरने गरम करून सोलली. मग पेन्सिलीने डाव्या हाताची हद्द आखली आणि तिथून खाली कागदी मास्किंग टेप लांबीच्या दिशेने गुंडाळायला घेतली. एका थराने व्यासात पाव मिलीमीटरच्या आसपास वाढ होत होती. चार थर, म्हणजे मिलीमीटरभर. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा खालून सुरू केला, म्हणजे वरच्या कडेला पायरी न होता उतार होतो. हे महत्त्वाचं आहे, कारण पायरी झाली तर ती नेमकी डाव्या तर्जनीखाली येते आणि प्रत्येक फटक्याला टोचते. त्यावर दुतोंडी चिकट टेप, वरचं टोक शाफ्टच्या पोकळीत दुमडून.

मग व्हाइट स्पिरिट. “अहो, आत गॅस चालू आहे, मी सांगेपर्यंत ती बाटली उघडू नका,” असं स्वयंपाकघरातून बजावण्यात आलं, आणि ते अगदी बरोबर होतं. हे द्रव पेट घेणारं आहे. ग्रिपच्या टोपीवरचं बारीक भोक बोटाने दाबायचं, आत स्पिरिट ओतायचं, हलवायचं, तेच बाहेर टेपवर सोडायचं. टेप ओली असेपर्यंतच ग्रिप एका दमात खाली सरकवायची. अर्ध्यावर थांबलं की तिथेच बसते. पूर्ण बसल्यावर काही क्षण ती फिरवता येते, तेवढ्यात क्लबचा फेस समोर सरळ रोखून ग्रिपवरची खूण मधोमध आणायची. रात्रभर भिंतीला टेकवून ठेवलं. सकाळी हातात घेतलं तेव्हा उजव्या हाताची बोटं न रुतता जागेवर जाऊन बसली, आणि अंगठा-तर्जनीला करायला काही कामच उरलं नाही.

रेंजवर काही लोक सांगतात की जाड ग्रिपने हात मंद होतात आणि चेंडू उजवीकडे जातो. माझ्या वहीत तसं काही आलं नाही. चेंडूची दिशा होती तीच राहिली. बदललं ते हे की शेवटच्या चेंडूंचा फैलाव सुरुवातीच्या चेंडूंइतकाच राहिला. आधी हात आवळून थकायचा आणि शेवटी चेंडू कुठेही जायचे.

जोराबद्दल थोडं. दहापैकी चार एवढ्याच जोराने धरा, असं सांगतात. मला आकडा पाळणं जमत नाही, पण जोर कुठे हवा हे कळलं: डाव्या हाताची शेवटची तीन बोटं आणि उजव्याची मधली दोन. आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा हवा. बहुतेक जण चेंडूजवळ येताना एकदम आवळतात. ग्लोव्ह बघा, तो सगळं सांगतो. माझा जुना ग्लोव्ह तळहाताच्या खालच्या टाचेपाशी फाटायचा, म्हणजे स्विंगमध्ये क्लब तिथे घासत होता. आताच्या ग्लोव्हची झीज बोटांच्या बुडाशी, एका तिरप्या ओळीत आहे, आणि तिथेच क्लब असायला हवा. ग्लोव्ह टाकून देण्याआधी ही झीज दर वेळी तपासावी.

खारघरच्या हवेत आणखी एक पथ्य लागतं. एप्रिल-मेमध्ये घामाने ग्रिप बुळबुळीत होते, आणि बुळबुळीत ग्रिप म्हणजे परत आवळणं. मी प्रत्येक खेळानंतर ग्रिपा साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने घासतो आणि सावलीत वाळवतो. दोन ग्लोव्ह आलटून पालटून वापरतो, एक पिशवीला लटकून वाळत असतो. दोरा विणलेली खरखरीत कॉर्ड ग्रिप घामात उत्तम पकडते, पण झिजलेल्या सांध्यांना ती कडक लागते आणि उजव्या हातात ग्लोव्ह नसल्याने कातडी सोलते. मऊ रबराची स्वच्छ ठेवलेली ग्रिप मला जास्त मानवली.

कोर्सवर गेल्यावर पकडीचं काम वेगळंच होतं. रेंजवर हात एकदा बसवला की चेंडूमागून चेंडू त्याच पकडीत मारता येतात. कोर्सवर दोन फटक्यांमध्ये दहा मिनिटं चालणं असतं, आणि प्रत्येक वेळी हात नव्याने ठेवावा लागतो. म्हणून रेंजवरही मी आता प्रत्येक चेंडूनंतर दोन्ही हात पूर्ण सोडतो, वाकून डावा हात लटकू देतो, नकल बघतो, मग उजवा आणतो. वेळ लागतो, चेंडू कमी मारले जातात, पण कोर्सवर उपयोगी पडतं ते हेच.

पटर या सगळ्यातून वगळला आहे. तिथे मनगट मोडायचंच नाही, म्हणून डाव्या हाताची तर्जनी उजव्या बोटांवर आडवी टाकतो, रिव्हर्स ओव्हरलॅप म्हणतात ती, आणि क्लब मुद्दाम तळहातात घेतो. ड्रायव्हरचं, म्हणजे सगळ्यात लांब क्लबचं, काम मात्र बाकी आहे. त्याचा शाफ्ट ग्रॅफाइटचा, ग्रिप अजून जुनीच, खाली बारीक. सात नंबरच्या आयर्नवर जी पकड सरळ जाते तीच ड्रायव्हरवर थोडी जास्त डावीकडे जाते, असं वहीत दिसतंय. पण हा फरक लांब क्लबचा आहे की बारीक ग्रिपचा, हे आधी चार थर देऊन बघायचं आहे. तोपर्यंत नकलांना हात लावणार नाही.